पिवळ्या खोल्या

मोठ्या बाईंच्या शाळेत खोल्या तीन आणि इयत्ता सात. हे गणित त्यांनी एकोणीस वर्षं दोन पाळ्या लावून सोडवलं होतं. सकाळी पहिली ते चौथी, दुपारी पाचवी ते सातवी, आणि सकाळी जो वर्ग उरायचा तो व्हरांड्यात. पाऊस आला की व्हरांड्यातली मुलं आत सरकायची आणि एकाच खोलीत दोन वर्ग चालायचे. मुलं त्यालाही सरावली होती. सातचा पाढा म्हणताना शेजारून नऊचा कानावर आला, तरी ती वाट चुकत नसत.

बाई अंगानं बेताच्याच होत्या. मोठ्या म्हणजे मुख्याध्यापिका, एवढाच त्याचा अर्थ. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं आणि ते सुखानं जाईल असं त्यांना वाटत होतं. तेवढ्यात शिक्षण खात्याचं पत्र आलं. दोन पाळ्यांच्या शाळा यापुढे चालणार नाहीत. वर्ष संपायच्या आत पाच खोल्या, त्याही बांधकाम पूर्ण झाल्याच्या दाखल्यासह, दाखवा; नाहीतर पाचवी ते सातवीचे वर्ग बंद.

त्या तीन वर्गांत मिळून अडतीस मुलं होती. त्यांतल्या बावीस मुली. पुढची शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे, पाऊण तासाच्या चालीवर. त्या रस्त्यावरून दिवसभर मालाचे ट्रक धावायचे. मुलगे जातील आणि मुली घरी बसतील, हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती.

पत्र आल्यावर आठवड्याभरात बाईंनी पालकांना बोलावलं. गवंडी निघाले, सुतार निघाले, एका जुन्या विद्यार्थ्यानं विटा देऊ केल्या. हां हां म्हणता दोन खोल्यांची तजवीज झाली. घोडं अडलं ते कागदापाशी. नगरपालिकेच्या परवानगीशिवाय एक वीट रचता येत नाही, आणि परवानगीला नकाशा लागतो.

नकाशा काढला खोडरबरनं. हाही बाईंचाच विद्यार्थी. लहानपणी एक ओळ लिहायचा आणि दोन पुसायचा, म्हणून हे नाव पडलं. आता चाळिशी ओलांडलेला, परवानाधारक नकाशाकार होता, पण गावाच्या लेखी खोडरबर तो खोडरबरच. त्यानं नकाशाचे चार संच बाईंच्या हाती ठेवले आणि म्हणाला, "बाई, प्रत्येक पानावर सही करा. आणि एक हात जोडून सांगतो, सहीशिवाय काही करू नका."

"म्हणजे काय करीन मी?"

"वेलांट्या तपासाल. नकाशात शुद्धलेखनाला मार्क नसतात."

"मार्क नसले म्हणून काय अशुद्ध लिहायचं?"

तो हसला आणि परगावच्या कामाला निघून गेला. पंधरा दिवसांसाठी.

रविवारी दुपारी बाईंनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली आणि त्यावर नकाशे मांडले. धाकटी बहीण खिडकीशी शिवणयंत्रावर बसली होती. दोघी बहिणी एकत्र राहत. एकीनं लग्न केलं नाही आणि दुसरीचं टिकलं नाही, म्हणून घर एक झालं, असं धाकटीच सांगायची.

बाईंना पहिल्याच पानावर 'शौच्यालय' दिसलं. त्यांनी काळ्या शाईनं, नाजूक हातानं ते नीट केलं. मग 'पाण्याचि टाकी'. तीही दीर्घ केली. मग त्या थांबून नकाशाकडे बघत राहिल्या. कितीतरी रेघा, कितीतरी आकडे. परवानगी देणारा साहेब दिवसाला असे पन्नास नकाशे बघत असणार. सात इयत्तांना तीनच खोल्या आहेत, ही मूळ अडचण त्याच्या नजरेत कशी भरायची?

वर्गात त्या मुलांना एक गोष्ट नेहमी शिकवत. धडा वाचताना जे सगळ्यांत महत्त्वाचं असेल त्यावर पिवळी पेन्सिल फिरवा. अख्खं पान पिवळं करणारा गाढव, काहीच पिवळं न करणारा आळशी. विचार करून एकच वाक्य रंगवा. चौतीस वर्षांत किती मुलांनी किती वाक्यं अशी रंगवली असतील, त्याला हिशेब नाही.

बाईंनी दप्तरातून पिवळी पेन्सिल काढली. तिन्ही जुन्या खोल्या कडेनं आखून घेतल्या आणि आत तिरप्या, एकसारख्या रेघा भरल्या. चारही संचांत. रंग कुठे बाहेर गेला नाही.

"एवढं जपून तर मी गिऱ्हाइकाचं रेशीम कापत नाही," धाकटी म्हणाली.

"बघणाऱ्याला सोपं गेलं पाहिजे."

"ताई, बघणारा पहिलीत नाहीये."

"पहिलीतल्याला कळेल असं केलं, की सगळ्यांना कळतं," बाई म्हणाल्या, आणि सोमवारी सकाळी जाऊन त्यांनी अर्ज दाखल केला.

मग पाच महिने त्यांनी नगरपालिकेचे उंबरठे झिजवले. बांधकाम परवानगीचा विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. लांबट खोली, एक खिडकी, खिडकीसमोर भिंतीला टेकवलेला बाक. बाकावर बसलं की समोर खिडकी आणि खिडकीत चष्मा कपाळावर चढवलेले एक कारकून. बाईंचा वेळ जाता जात नसे, म्हणून त्या दिसेल ते वाचत. थुंकू नये. रांगेत उभे राहावे. मूळ कागदपत्रे परत मिळणार नाहीत. पंख्यावरचा कारखान्याचा शिक्कासुद्धा त्यांचा पाठ झाला.

"बाई, फाइल खाली गेली आहे," कारकून सांगत.

"खाली म्हणजे?"

"म्हणजे वर येईल."

कधी फाइल पाण्याच्या विभागाकडे असायची, कधी आगीच्या, कधी झाडांच्या. बाई कधी चिडल्या नाहीत. एकच उदाहरण चाळीस मुलांना चाळीस वेळा समजावलेला माणूस इतक्यात चिडत नाही. पाचव्यांदा गेल्या तेव्हा कारकुनांनी आपली खुर्ची त्यांना दिली, आणि नातवाला भागाकार जमत नाही त्याचं काय करावं, हे विचारून घेतलं.

तिसऱ्या महिन्यात पाहणीला साहेब आले. तरुण, बोलायला नेमस्त, हातात फाइल. त्यांनी फीत टाकून आवार मोजलं आणि जुन्या खोल्यांसमोर उभे राहिले. आत तिसरीचा वर्ग कविता म्हणत होता.

"या तिन्ही नकाशात पिवळ्या दाखवल्या आहेत ना?" साहेबांनी विचारलं.

"हो. मी स्वतः रंगवल्या आहेत," बाई म्हणाल्या. आपली युक्ती लागू पडली म्हणून त्यांना बरं वाटलं.

"हे चांगलं केलंत. लोक हे लपवतात, मग आम्हाला शोधावं लागतं."

"लपवायचं काय त्यात? आहे ते आहे."

साहेबांनी उभ्या उभ्या फाइलमध्ये काही लिहिलं. "आणि तोवर मुलांची सोय?"

"दोन पाळ्या चालूच आहेत. भागवू कसंही."

साहेबांनी मान हलवली. जाताना त्यांनी बाईंना वाकून नमस्कार केला. दोन माणसं एकाच वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी बोलू शकतात, हे व्याकरणाच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नसतं.

पाचव्या महिन्याच्या शेवटी आदेश हाती आला. सहा पानं, शिक्के, सह्या. बाई तिथेच बाकावर बसल्या आणि चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. दोन नवीन वर्गखोल्यांना परवानगी देण्यात येत आहे. पुढील तेवीस अटींवर. बांधकामाचं सामान रस्त्यावर ठेवू नये. ठीक. पावसाचं पाणी शेजारच्या हद्दीत सोडू नये. ठीक. अट चौदा: नकाशात पिवळ्या रंगाने दर्शविलेले जुने बांधकाम जमीनदोस्त केल्याखेरीज नवीन कामास सुरुवात करू नये.

त्यांनी ती ओळ तीनदा वाचली. मग उठून खिडकीशी गेल्या.

"यात चूक झाली आहे. जुन्या खोल्या पाडा म्हणून लिहिलंय."

कारकुनांनी चष्मा खाली घेतला, अट वाचली आणि नकाशाची घडी उलगडली. "पिवळंच आहे की, बाई."

"पिवळं आहेच. महत्त्वाचं म्हणून केलं मी."

कारकुनांनी बाईंच्या मागे बोट दाखवलं. ज्या भिंतीला टेकून बाई पाच महिने बसल्या होत्या, तिच्यावर बाकाच्या वर एक तक्ता होता. काळा रंग, लाल रंग, पिवळा रंग. शेजारी एकेक ओळ.

"काळं ते आहे, लाल ते होणार, पिवळं ते जाणार," कारकून हळू आवाजात म्हणाले. "इथं शिपायालाही पाठ आहे. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असणार."

पंख्यावरचा शिक्का वाचला आणि पाठीमागची भिंत वाचली नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा, असं बाई मुलांना सांगत. आज त्यांना हसू आलं नाही. त्यांनी आदेशाची सहा पानं घडी घालून पिशवीत ठेवली.

त्यांनी स्वतःच साहेबांची भेट मागितली. साहेबांनी त्यांना बसवलं, पाणी मागवलं. सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"बाई, मला वाटलं, पाडून नव्यानं करताय. उरलेल्या खोल्या पुढच्या टप्प्यात."

"मग आता हे पिवळं पुसून द्या."

"अर्जदारानं नकाशा बदलला की तो नवा अर्ज धरतात. नव्या अर्जाला नवे नियम. पहिल्या तारखेपासून रस्त्याच्या बाजूनं सोडायची जागा तीनची साडेचार मीटर झाली. तुमच्या आवारात मग एकच खोली बसते. आणि तिलाही हेच पाच महिने."

"वर मजला चढवला तर?"

"जिना, दुसरी वाट, आगीचा दाखला, पायाची तपासणी. वर्ष उलटेल."

"आणि खोल्या बांधल्या, जुन्या ठेवल्या, तर?"

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. "बांधाल. पण पूर्ण झाल्याचा दाखला कोण देणार? आणि दाखल्याशिवाय शिक्षण खातं त्या खोल्या मोजणार नाही."

जिन्यावर कारकून मागून आले. इकडेतिकडे बघून त्यांनी सांगितलं, "एक वाट आहे. चूक नकाशा काढणाऱ्याची असेल, तर त्याच फाइलवर, जुन्याच नियमात दुरुस्ती होते. त्यानं तसं लिहून द्यायचं. फक्त त्याच्या परवान्यावर शेरा पडतो. सहा महिने त्याला इथं नकाशा दाखल करता येत नाही. मी काही बोललो नाही, बरं का."

बाई घरी आल्या आणि खोडरबरला काही न सांगण्याचं ठरवून बसल्या. पण तो दुसऱ्या दिवशी आपणच आला. कारकुनांनी त्यालाही काही 'न बोलता' सांगितलं असावं.

"कागद तयार करून आणलाय," तो म्हणाला. "रंग मी नजरचुकीनं भरला, असं लिहिलंय. शुद्धलेखन तेवढं बघून घ्या."

"तू भरला नाहीस."

"ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. त्यांना कुठे ठाऊक आहे?"

"सहा महिने काय खाशील?"

"बायकोचं दुकान आहे. ती तशीही म्हणते, घरी बसून गल्ला सांभाळा." मग हसू पुसून तो म्हणाला, "बाई, माझी भाची आहे सहावीत. तिला त्या रस्त्यापलीकडे कोण धाडणार? तिचा बाप तर तिला घरी बसवायची वाटच बघतोय."

धाकटीनं यंत्र थांबवलं होतं. "ताई, घे तो कागद," ती म्हणाली. "चौतीस वर्षं खरं बोललीस. एक दिवस सुट्टी घे."

बाईंनी तीन दिवस घेतले. त्या तीन दिवसांत त्यांनी सहावीला भूमिती शिकवली, सातवीचे निबंध तपासले आणि एकदाही कुणाच्या डोळ्यांत बघितलं नाही. चौथ्या दिवशी त्या खोडरबरबरोबर निघाल्या. वाटेत त्याला फक्त एवढं म्हणाल्या, "तिथं तू बोल. माझ्यानं व्हायचं नाही. मी मान हलवीन."

साहेबांनी कागद वाचला. मग बाईंकडे बघितलं. "रंग यांनी भरला होता?"

बाईंनी मान हलवली. चोरलेलं उत्तर आपलंच म्हणून सांगणाऱ्या मुलासारखी त्यांची मान हलली. आणि अशी मान त्यांनी स्वतः हजारदा ओळखली होती.

साहेबांनी फाइल ओढली, मधलं एक पान काढलं आणि त्यावर बोट ठेवून ती दोघांकडे फिरवली. पाहणीचा अहवाल होता. त्यांच्याच अक्षरात, शाळेच्या आवारात उभ्या उभ्या लिहिलेला: जुन्या तीन खोल्या पिवळ्या रंगात दर्शविल्या असून, सदर रंग आपण स्वतः भरल्याचे मुख्याध्यापिका यांनी समक्ष सांगितले.

"हे पान वर तपासून गेलंय," साहेब म्हणाले. "पानांना क्रमांक आहेत. मी फाडू शकत नाही, बाई." मग त्यांनी खोडरबरचा कागद घडी घालून त्याच्या पुढे सरकवला. "हा मी बघितलेला नाही. तुमचा परवाना तुमच्याजवळ राहू द्या."

खोडरबरनं कागद खिशात घातला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "माणूस वाईट नाही."

"नाही," बाई म्हणाल्या. "कुणीच वाईट नाही." आणि बराच वेळ त्या जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. तोही उभा राहिला. लहानपणी पाठ येत नसला की उभा राहायचा तसा, खाली बघत.

वर्षअखेरीला शाळा सोडल्याचे अडतीस दाखले लिहायचे होते. बाईंनी ते दुसऱ्या कुणाला लिहू दिले नाहीत. नाव, जन्मतारीख, वर्तणूक, प्रगती. शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचं कारण. पहिल्या दाखल्यावर त्यांनी लिहिलं: मुख्याध्यापिकेच्या चुकीमुळे वर्ग बंद.

धाकटीनं खांद्यावरून वाचलं. "हा कागद पोरगी जन्मभर जवळ बाळगणार. जिथं जाईल तिथं दाखवणार. तिनं तुझी चूक का मिरवायची?"

"खरं आहे ते."

"तुझ्यासाठी खरं आहे. तिच्यासाठी वर्ग बंद झाला, एवढंच खरं आहे."

बाईंनी तो दाखला फाडला. दुसरा घेऊन लिहिलं: वर्ग बंद झाल्यामुळे. आणि मग सदतीस वेळा तेच. शेवटच्या दाखल्यापर्यंत अक्षर बिघडलं नाही.

पालक येऊन दाखले नेऊ लागले. मुलग्यांचे सगळे सोळा गेले. मुलींचे अकरा गेले. खोडरबर स्वतः येऊन भाचीचा घेऊन गेला. तिला रोज सायकलवर नेईन, म्हणाला. जमेल तेवढे दिवस. अकरा उरले. बाईंनी पंधरा दिवस वाट बघितली आणि मग ते फायलीत घालून घरोघरी जायला निघाल्या.

काही घरी कुलूप होतं. काही ठिकाणी दाखला मुकाट्यानं घेऊन फळीवर ठेवला गेला. सातव्या दारात सहावीतल्या एका मुलीची आई धुणी वाळत घालत होती. मुलगी आतून पिळलेले कपडे आणून देत होती. बाईंना बघून ती बादली ठेवून दाराआड गेली. वर्गात हात वर करून करून हिचा खांदा दुखायचा.

"दाखला आणलाय," बाई म्हणाल्या.

"तुम्ही कशाला आलात, बाई, उन्हातान्हाचं. राहू द्या शाळेतच. घरात हरवेल."

"पुढच्या शाळेत लागेल."

आईनं एक चादर झटकली आणि दोरीवर सरळ केली.

"माझी चूक झाली," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्या सगळ्या दारांत म्हणाल्या होत्या. "हिला माझ्याकडे पाठवा. घरी शिकवीन. मला आता वेळच वेळ आहे. सकाळी पाठवा."

"सकाळी ती माझ्याबरोबर कामाला येते."

"मग संध्याकाळी."

"संध्याकाळी धाकट्याला सांभाळते." आईनं तोंडातला चिमटा काढून चादरीला लावला. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बाईंना काही उत्तर देता आलं असतं. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, बाई. आज ना उद्या घरी बसायचीच होती. सहावीपर्यंत झालं, ते काय थोडं आहे?"

बाईंनी दाखला पुन्हा फायलीत घातला. दाराआड कुणी हललं, पण पुढे आलं नाही. त्यांनी क्षणभर तिकडे बघितलं. नाव घेऊन हाक मारली असती, तर ती आली असती. त्यांच्या हाकेला मुलं नेहमीच येत. पण येऊन तिनं काय करायचं, ते बाईंना सांगता येत नव्हतं. म्हणून त्यांनी हाक मारली नाही.

"मग येते मी," त्या आईला म्हणाल्या, आणि फायलीतल्या पुढच्या दाखल्यावरचा पत्ता वाचत चालू लागल्या.